घडी घालून घेतलेलं माप

वासंतीताईंची आणि माझी खरी ओळख झाली ती माझ्या फजितीतून.

जानेवारीतली गोष्ट. कृत्रिम दातांच्या शास्त्रात एमडीएस करून मी नुकतीच बाहेर पडले होते आणि भाईंदर पूर्वेला डॉ. हिना शहांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. दुसऱ्याच दिवशी एका बाईंच्या दाढेचं कॅपसाठी माप घ्यायचं होतं. हिरडी जरा बाजूला सरावी म्हणून मी दाढेभोवती बारीक दोरा बसवला, तिथल्या असिस्टंट वासंतीताईंनी माप घ्यायची सिलिकॉनची पुट्टी मळून दिली, मी वेळ लावून माप काढलं. बघते तर सगळीकडे झकास उमटलेलं आणि नेमकं दाढेच्या कडेला चिकट, ओलं, बोटाला लागणारं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. बाई खुर्चीत कंटाळल्या. मी म्हटलं, "ताई, पुट्टी जुनी आहे का? तारीख बघा जरा."

वासंतीताईंनी तारीख बघितली नाही. कचऱ्याच्या डब्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, दोरा बसवताना तुम्ही पांढरे ग्लोव्हज घातले होते ना? हे बघा, इथे पडलेत. मापाच्या वेळेला निळे घातलेत तुम्ही, ते बरोबर. पण त्या पांढऱ्याचा हात दोऱ्याला लागला, दोरा दाढेला लागला. झालं. आता तिथं ती सुकायची नाही."

रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या पांढऱ्या ग्लोव्हजमध्ये गंधक असतं आणि या जातीचं सिलिकॉन त्या गंधकामुळे घट्ट व्हायचं थांबतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. आणि इथे खारी गावात वाढलेली, दहावी नापास झालेली बाई मला ते कचऱ्याच्या डब्यावरून सांगत होती! आम्ही दाढ नीट धुतली, पुसली, नवा दोरा, निळे ग्लोव्हज. तिसरं माप असं आलं की दाढेची कड सुईने रेघ मारल्यासारखी दिसत होती.

दुपारी डबा खाताना मी हिना मॅडमना विचारलं, "हे त्यांना कोणी शिकवलं?"

मॅडम हसायला लागल्या. "अरे, कोणी नाही शिकवलं! तिनेच मला शिकवलं."

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. वासंतीताई दवाखान्यात आल्या त्या लादी पुसायला. वडील मिठागरात कामाला, नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. एकदा मॅडमची असिस्टंट आली नाही म्हणून ताईंनी प्लॅस्टर कालवून दिलं, आणि त्यात एकही बुडबुडा निघाला नाही. तांदळाची उकड काढणारा हात! दुसऱ्या दिवसापासून लादीला दुसरी बाई आली. पुढे काही वर्षांनी ही नव्या जातीची पुट्टी बाजारात जोर धरू लागली. मॅडमनी ती घेतली, आणि आठवड्यातून दोनतीनदा ती घट्टच होईना. विकणारा माणूस आला की म्हणायचा, "आपकी असिस्टंट बराबर मिक्स नहीं करती."

ताईंना ते लागलं. त्यांनी महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या: आज जमली, आज नाही जमली, आज पाणी कुठलं, आज हवा कशी, आज ग्लोव्हजचा खोका कुठला. महिन्याने त्यांनी त्या माणसाला टेबलासमोर उभं केलं. एक गोळी पांढरे ग्लोव्हज घालून मळली, दुसरी साबणाने धुतलेल्या उघड्या हातांनी. दोन्ही त्याच्यासमोर ठेवल्या. पाच मिनिटांनी एक चेंडूसारखी उडाली, दुसरी त्याच्या शर्टाला चिकटली.

"शर्टाला चिकटली नाही," वासंतीताई आतून ओरडल्या, "मी चिकटवली!"

अशी ही बाई. वय अठ्ठेचाळीस, उंची बेताची, केस घट्ट बांधलेले, आणि डाव्या मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, सेकंदकाट्याचं. मापाच्या सामानाबद्दल बोलायला लागली की तिचे डोळे चमकायचे. "पुट्टी तळहाताने मळायची नाही मॅडम, बोटांच्या टोकांनी. तळहात गरम, लगेच घट्ट व्हायला लागते." "दोन रंग एक होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की थांबायचं. निळ्यात पांढरी रेघ राहिली तर तिथं कच्ची राहणार." "माप काढलं की लगेच प्लॅस्टर ओतायचं नाही, तासभर थांबायचं. त्याच्या पोटातला वायू निघू द्यायचा, नाहीतर प्लॅस्टरला देवीचे वण." तो वायू म्हणजे हायड्रोजन हे मला ठाऊक होतं. वण कसे दिसतात ते त्यांना ठाऊक होतं. आमची जोडी हळूहळू छान जमली.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात रामनाथदादा आले.

त्यांच्याबरोबर त्यांची बायको लक्ष्मीवहिनी होत्या. बोलत होत्या त्याच. दादा पन्नाशीचे, खांद्याने रुंद, भाईंदरजवळच्या मोर्वा गावचे, पिढीजात मासेमारी करणारे. दीड वर्षापूर्वी वरच्या जबड्यात गाठ झाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, गाठ गेली, माणूस वाचला. पण गाठीबरोबर टाळूचा उजवा भाग आणि चार दाढा गेल्या. टाळूत मोठं भोक, वर सरळ नाकापर्यंत. ते झाकायला तिथे एक प्लेट करून दिली होती. नंतर किरणांचा उपचार झाला, आतला मांसल भाग आकसला, प्लेट ढिली झाली. पाणी प्यायले की नाकातून येई. आणि बोलणं? हवा तोंडात साठतच नसे, सगळी नाकातून निघून जाई. प, ब, ट, ड, क, सगळी अक्षरं हरवली होती.

"आदी त्यांचा आवाज सगल्या भाईंदरला म्हाइत होता," वहिनी म्हणाल्या. "कबड्डीची कॉमेंटरी करायचे. राईला, मुर्ध्याला, गोडदेवला, कुठंबी मॅच असू दे, माइक यांच्याच हातान. आता दीड वरीस झाला, घराच्या भायेर पडत न्हाय."

दादांनी मान खाली घातली. मग अचानक वर करून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं ते "अम्मन्नी" असं काहीतरी.

वासंतीताई पटकन म्हणाल्या, "कबड्डी म्हणतायत ते. दादा, तुमचा आवाज मी ऐकलाय! आमच्या खारीच्या मैदानावर. एका पोराने लोण चढवला तेव्हा तुम्ही बोललात ना, सगळं मैदान उभं राहिलं होतं."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे काही हललं ते मी विसरणार नाही.

मोर्व्याच्या मंडळाची स्पर्धा हनुमान जयंतीच्या रविवारी होती. वहिनींनी तारीख सांगितली. मागितलं काही नाही. पण मी मनातल्या मनात आठवडे मोजायला लागले होते. पाच.

आता अडचण ऐका. नवी प्लेट करायची तर टाळूच्या भोकाचं, उरलेल्या दातांचं, सगळ्याचं एकदम तंतोतंत माप हवं. माप घ्यायला ट्रे लागतो, म्हणजे घोड्याच्या नालेसारखं कडक भांडं. आणि किरणांच्या उपचाराने दादांच्या जबड्याचे स्नायू आखडले होते. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. सगळ्यात छोटा, मुलांचा ट्रेसुद्धा आत जाईना. जुनी प्लेट तेवढी आडवी करून कशीबशी जायची.

मी म्हटलं, पुट्टीऐवजी पॉलीइथर नावाचं मापाचं दुसरं सामान वापरू. ओलाव्यात छान पसरतं, बारीक उमटतं. दोन तुकड्यांत माप घेऊ.

वासंतीताईंनी कपाटातून पॉलीइथरचा एक जुना, घट्ट झालेला तुकडा काढून माझ्या हातात दिला. "वाकवा."

वाकेना.

"हे त्या भोकात जाईल मॅडम, मस्त जाईल, कोपऱ्याकोपऱ्यात जाईल. येईल का बाहेर? आतला भाग रुंद आणि तोंड अरुंद, मडक्यासारखं आहे ते. आपण ओढणार आणि दादांचा जीव जाणार."

बरोबर होतं. मग त्यांनी दुसऱ्या हाताने सिलिकॉनच्या पुट्टीचा तुकडा घेतला, मुठीत चुरगळला, सोडला. टुणकन तो होता तसा झाला. त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. पुन्हा चुरगळला. पुन्हा सोडला. आणि मग त्या इतक्या जोरात "मॅडम!" म्हणाल्या की बाहेर बसलेला पेशंट उठून उभा राहिला.

"मॅडम, ट्रेच याचा केला तर? पुट्टीचाच ट्रे! घडी घालायची, तोंडात घालायचा, आत गेला की सोडायचा. आपोआप उघडेल!"

वाकणारा ट्रे! पण माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली. "ताई, ट्रे कडक का असतो? माप हलू नये म्हणून. वाकणारा ट्रे बाहेर काढताना वाकडा झाला तर सगळं माप चुकलं."

"वाकडा होईल, पण परत सरळ होईल ना? तुम्हीच सांगता, शंभरातले नव्याण्णव भाग परत येतात म्हणून."

"आणि प्लॅस्टर ओतताना? त्याच्या वजनाने बसला तर?"

त्यांनी तुकड्याखाली ओंजळ धरली. "मग त्याला पाळणा करू. तोंडात घालायच्या आधीच ट्रेच्या खालच्या बाजूचा प्लॅस्टरमध्ये साचा घेऊन ठेवू. माप बाहेर आलं की पाळण्यात बसवायचं. बसेल तर बरोबर, नाही बसलं तर वाकडं झालंय ते तिथेच कळेल!"

मी त्यांना मिठी मारली. खरंच मारली. हिना मॅडम दार उघडून आत आल्या आणि म्हणाल्या, "हे काय चाललंय?" दोघी एकदम बोलायला लागलो. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं, मग म्हणाल्या, "असं घडीचं माप कोणी कोणी घेतलंय, मी वाचलंय कुठेतरी. पण एवढ्या मोठ्या भोकाचं नाही. करो. पण दादाला त्रास व्हायला लागला तर थांबायचं, समजलं ने?"

दादांची जुनी प्लेट आम्ही ठेवून घेतली, एका दिवसापुरती. तिच्या आत प्लॅस्टर ओतून टाळूचा अंदाजाचा साचा केला. त्यावर मेणाचा पातळ थर, म्हणजे नंतर पातळ सिलिकॉनला जागा राहील. आणि मेणावर वासंतीताईंनी पुट्टी थापली. काय थापली! मधोमध पातळ, घडी पडावी म्हणून. कडेला जाड, उघडायला जोर यावा म्हणून. पुढे धरायला छोटीशी शेपटी. मग पाळणा.

पहिला प्रयत्न एका शनिवारी सकाळी केला. भोकाच्या सगळ्यात खोल भागात सामान जाऊन अडकू नये म्हणून मी व्हॅसलीन लावलेली जाळी बसवली, तिला लांब दोरा बांधला. सगळं कोरडं केलं, कारण या सिलिकॉनला पाण्याचा राग आहे, ओल दिसली की मागे सरतं. ताईंनी ट्रेमध्ये मध्यम पातळ सिलिकॉन भरलं आणि दोन्ही कडा वर दुमडल्या. सारण भरलेली करंजीच दिसत होती. ती मी तोंडात सरकवली. अर्धी गेली. दादांना ठसका आला. थांबले. पुन्हा सरकवली. आत गेली, मी कडा सोडल्या... आणि ती पूर्ण उघडलीच नाही. सारण आतल्या आत घट्ट व्हायला लागलं होतं.

बाहेर काढलं तेव्हा टाळूच्या मधोमध उभी सुरकुती. माप वाया.

मला रडू येत होतं. दादा खुर्चीत डोळे मिटून पडले होते. वहिनी दारात उभ्या. आणि वासंतीताई? त्या खिडकीपाशी ते वाया गेलेलं माप उजेडात फिरवून बघत होत्या. मग त्यांनी ते पाळण्यात ठेवलं. अलगद दाबलं.

"बसलं!" त्या ओरडल्या. "मॅडम, इकडे या! पाळण्यात बरोबर बसलं! कड ना कड! म्हणजे ट्रे वाकडा नाही झाला. दादांना ठसका आला, आपण ओढलं, दुमडलं, तरी आकार परत आला! सुरकुती का पडली माहीत आहे? वेळ कमी पडला. फक्त वेळ!"

मी बघितलं. खरंच बसलं होतं. आतापर्यंत रडवेली झालेली मी हसायला लागले. वासंतीताई वळून वहिनींना म्हणाल्या, "वयनी, काय बी घाबरू नको. जमनार हाय! पुढल्या शनवारी या."

वेळ कमी पडला, तर वेळ वाढवायचा. उष्णतेने सिलिकॉन लवकर घट्ट होतं, तर गारव्याने उशिरा होणार. पण किती गार, किती उशिरा? कंपनीच्या कागदावर तेवीस अंशांचा आकडा होता, भाईंदरच्या मार्चमधला नव्हता. त्या आठवड्यात रोज जेवणाच्या सुट्टीत वासंतीताईंनी दवाखान्याचा छोटा फ्रीज ताब्यात घेतला. सिलिकॉनची नळी अर्धा तास ठेवून बघितली, एक तास ठेवून, दोन तास ठेवून. प्रत्येक वेळी काचेवर थोडं काढायचं, काडी टोचत बसायचं, घड्याळाकडे बघायचं. दोन तास ठेवलेलं इतकं दाट झालं की पिचकारीतून निघताना माझा अंगठा दुखला. एक तासवालं बरोबर होतं. हाताशी सव्वा मिनिट जादा मिळत होतं! बुधवारी त्यांनी आकडा सांगितला तेव्हा आम्ही दोघींनी टाळी दिली. गुरुवारी त्या म्हणाल्या, "ट्रेसुद्धा गार ठेवू. नाहीतर गार सारण गरम करंजीत जाईल." हे मला सुचलं नव्हतं.

पण जादा वेळ म्हणजे तोंडातही जादा वेळ. घट्ट व्हायला सहा मिनिटं लागणार. सहा मिनिटं तोंडात भरलेलं सामान, नाकातून श्वास, न हलता. ठसका लागणाऱ्या माणसाने.

शनिवारी दादा आले. मी सगळं समजावून सांगितलं. सहा मिनिटं म्हटल्यावर त्यांचे डोळे मोठे झाले. वासंतीताई पुढे झाल्या. खुर्चीशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, तुम्ही कॉमेंटरीच्या आधी स्वतः खेळायचात ना? चढाईला जायचात?"

दादांनी मान हलवली.

"एक चढाई किती सेकंदांची?"

दादांनी तीन बोटं दाखवली, मग मूठ. तीस.

"मग सहा मिनिटं म्हणजे बारा चढाया. मी घड्याळ लावते. प्रत्येक चढाई मी सांगते. तुम्ही फक्त दम धरायचा. कुठल्या संघाकडून जाताय?"

दादांनी छातीवर हात ठेवला. मोर्वा.

आणि आम्ही सुरू केलं. जाळी. दोरा. कोरडं. फ्रीजमधून नळी, फ्रीजमधून ट्रे. मी भोकाच्या कडेने पिचकारीने सिलिकॉन सोडलं, तोवर ताईंनी ट्रे भरला, कडा दुमडल्या, माझ्या हातात ठेवला. "बावीस सेकंद," त्या म्हणाल्या. मी ट्रे आडवा धरून सरकवला. ओठ. दात. आत. दादांना ठसका येतोय असं वाटलं. "उजवा पाय वर उचला दादा! वर! आणखी वर!" ताई म्हणाल्या. पाय उचलायच्या नादात ठसका विरला. "पन्नास सेकंद. वेळ आहे मॅडम, घाई नको." मी कडा सोडल्या.

ट्रे उघडला. माझ्या बोटांखाली मला तो उघडताना कळला, झोपेतून उठलेल्या मांजराने अंग ताणावं तसा. मी वर दाबला. सारण सगळीकडून एकसारखं डोकावलं.

"चढाई सुरू!" वासंतीताई म्हणाल्या.

ती सहा मिनिटं! मी एका बोटाने ट्रे धरून उभी, तो हलू नये म्हणून कोपर पोटाशी घट्ट. आणि वासंतीताई घड्याळावर नजर ठेवून बोलतायत. "पहिली चढाई, मोर्व्याचा रामनाथ, सावध गेलाय... परत आला. दुसरी. समोरचा कोपरारक्षक तयार आहे, पण रामनाथ घाबरत नाही... बोनस घेतला!" दादांच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. हसत होते. "हसू नका दादा, माप हलेल!" मग दारातून वहिनीच म्हणाल्या, "चौथी चढाई! पकड, पकड... सुटला!" सातव्या चढाईपर्यंत बाहेरचे तीन पेशंट दारात गोळा झाले होते. एक गुजराती आजोबा विचारत होते, "स्कोर शू थयो?" हिना मॅडम त्यांना गप्प करत होत्या आणि स्वतःच मान लांब करून बघत होत्या.

"अकरावी... बारावी, शेवटची चढाई... आणि वेळ संपला!"

मी काठावर उरलेल्या सारणाला नख लावलं. खूण राहिली नाही. कडा आत दुमडल्या आणि एका झटक्यात, हळूहळू नाही, हळू ओढलं तर फाटतं, एका झटक्यात बाहेर काढलं.

ताईंनी माप पाण्याखाली धरलं, जंतुनाशकातून काढलं, वाळवलं, पाळण्यात ठेवलं. बसलं. मग उजेडात धरलं. टाळूवरच्या बारीक वळ्या, दातांच्या कडा, आणि उजवीकडे त्या भोकाचा उंच डोंगर, एकही बुडबुडा नाही, एकही सुरकुती नाही.

"बघा मॅडम," वासंतीताई म्हणाल्या. "अंगठ्याच्या ठशासारखं आलंय."

प्लॅस्टर त्यांनी तासाभराने स्वतः ओतलं. साचा लॅबमध्ये जितेशकडे गेला, त्याने विचारलं, "हे माप कसं घेतलंत? जबडा उघडत नाही म्हणता ना?" आम्ही त्याला चहा पाजून सगळं सविस्तर सांगितलं.

दहा दिवसांनी प्लेट आली. उजवीकडे भोकात बसणारा भाग आतून पोकळ, हलका, म्हणजे ओझं नको. मी ती आडवी करून आत सरकवली, फिरवली, वर दाबली. टक् असा आवाज आला. तो आवाज ऐकायला मी आठ वर्षं शिकले असं वाटलं.

आधी पाणी दिलं. दादा घोट घेताना सवयीने नाकाशी रुमाल धरून बसले. गिळलं. थांबले. रुमाल बघितला. कोरडा. पुन्हा घोट घेतला. मग अख्खा पेला रिकामा केला, आणि दुसरा मागायला तोंड उघडलं.

"पाणी," ते म्हणाले.

प. स्पष्ट प! वहिनींनी तोंडावर पदर घेतला. दादा स्वतःच दचकले. मग एकेक अक्षर चाचपत, बोटांनी अंधारात वस्तू शोधाव्या तसं, "पा... टा... का... बा..." आणि मग छाती भरून, दवाखान्याच्या काचा हादरतील अशा आवाजात:

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी!"

वासंतीताई टाळ्या वाजवत नाचायलाच लागल्या. बाहेरून टाळ्या. मी चष्मा पुसत होते. हिना मॅडम म्हणत होत्या, "धीरे भाई, नवीन आहे, धीरे!"

पुढचे दोन आठवडे ते एक दिवसाआड आले. कुठे टोचतं तिथे घासून दिलं, जबड्याचे व्यायाम करून घेतले. सगळं पहिल्यासारखं झालं नाही, हे सांगायला हवं. 'स' थोडा घसरायचा, मोठं वाक्य बोलले की दम लागायचा. पण समजायचं. प्रत्येक शब्द समजायचा.

हनुमान जयंतीच्या रविवारी दुपारी आम्ही तिघी मोर्व्याला गेलो. वासंतीताईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसलेली. मैदानाभोवती माणसांची भिंत, मंडपात दोन माइक. मंडळाच्या लोकांनी दादांबरोबर एक तरुण कॉमेंटेटरही ठेवला होता, दमले तर सांभाळायला. पहिला सामना त्यानेच सांगितला. दुसऱ्याला दादांनी माइक घेतला आणि नुसतं म्हणाले, "नमस्कार मंडळी. मी रामनाथ."

मग त्या मैदानावरून जी आरोळी उठली, ती मी कशी सांगू? म्हातारी माणसं उभी राहिली. पोरं शिट्ट्या मारत होती. खाडीवरून वारा येत होता आणि त्या वाऱ्यावर दादांचा आवाज सगळ्या गावावर पसरत होता. शेवटच्या सामन्यात मोर्व्याने दोन गुणांनी बाजी मारली तेव्हा त्या तरुण मुलाने स्वतःचा माइक खाली ठेवला होता.

जूनमध्ये मीरा रोडच्या डॉक्टरांच्या सभेत हिना मॅडमनी ही केस मांडायची ठरवली. मला म्हणाल्या, "तू बोल." मी म्हटलं, माप कसं घेतलं ते वासंतीताई दाखवतील. ताई आठवडाभर नाही म्हणत होत्या. "मी काय बोलणार डॉक्टरांसमोर? मला इंग्लिश येत नाही." त्यांची मुलगी अनुष्का कॉलेजात शिकते, तिनेच त्यांना आरशासमोर उभं करून तयारी करून घेतली.

हॉलमध्ये साठेक डॉक्टर होते. मी पडद्यावर फोटो दाखवले, कुठे काय गुणधर्म उपयोगी पडला ते सांगितलं. मग ताई पुढे आल्या. पहिली दोन मिनिटं आवाज निघत नव्हता. मग त्यांनी डब्यातून पुट्टी काढली, बोटांनी मळायला लागल्या, आणि हातांबरोबर तोंड सुटलं. हिंदी, मराठी, मधे "थर्टी सेकंड, मिक्सिंग टाइम" असं ठणठणीत इंग्लिश. मागच्या रांगेतले डॉक्टर खुर्च्या सोडून टेबलाभोवती जमले. एक पांढऱ्या केसांचे सर्जन म्हणाले, "लेकिन इतने छोटे मुँह में फोल्ड करके डालना, यह तो हमको करके देखना पड़ेगा."

"तो देखिए ना सर," वासंतीताई म्हणाल्या. फ्रीजमधून काढलेला ट्रे दुमडून त्यांच्यासमोर धरला, घड्याळाकडे नजर टाकली आणि खुर्ची ओढली. "बैठिए. मुँह दो उंगली खोलिए. उससे ज़्यादा नहीं."

सर्जनसाहेब हसत हसत बसले. सगळ्यांनी मोबाईल वर धरले.